इसबगोलचा चमचा आणि पाण्याचा ग्लास

असरची नमाज झाली की बाजारपेठेतल्या कढया तापू लागतात. कांदाभजी, समोसे, मूगडाळीचे वडे, खिमा भरलेले रोल. छत्रपती संभाजीनगरात नान-खलियाच्या डेगा उतरतात, मुंबईत मोहम्मद अली रोडवर मालपुवा परातीत फुलतो. रमजानच्या दिवसांत वर्तमानपत्रांत या सगळ्याचे फोटो येतात आणि ते बघून बिगरमुस्लिम मित्रमंडळीही संध्याकाळी तिकडे वळतात. त्याच रस्त्यावर एक दुकान असते, ज्याचा फोटो कुणी काढत नाही. काष्ठौषधीचे दुकान म्हणा किंवा साधे औषधांचे. पहिला आठवडा उलटला की तिथे गिऱ्हाईक आवाज जरा खाली आणून म्हणते, "इसबगोल आहे का?" दुकानदारही जास्त काही न विचारता डबा कागदात गुंडाळून देतो.

डोके दुखले तर चारचौघांत सांगता येते, पोट साफ होत नाही हे सांगायची लाज वाटते. त्यामुळे इसबगोल घराघरात असूनही ते घ्यायचे कसे, किती, कधी आणि कुणी अजिबात घ्यायचे नाही, याची चर्चा होत नाही. सासूने सांगितले, शेजारच्या चाचांनी सांगितले, एवढ्यावर काम चालते. एरवी यात फारसे बिघडत नाही. रमजानमध्ये मात्र बिघडू शकते, कारण इसबगोलला जी एक गोष्ट भरपूर लागते, तीच दिवसभर वर्ज्य असते. ती म्हणजे पाणी.

सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे. आपल्याकडे या दिवसांत सहेरी संपल्यापासून इफ्तारपर्यंत साधारण १३ तास होतात. या १३ तासांत पोटात काही जात नाही, पण मोठे आतडे आपले काम थांबवत नाही. तिथे आलेल्या मळातून पाणी शोषून घेणे हे त्याचे कामच आहे. मळ जितका जास्त वेळ तिथे राहील तितका कोरडा आणि कडक होत जातो. त्यात रमजानची दिनचर्या भर घालते. आतड्यांची जोरदार हालचाल बहुतेकांना सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर होते. सहेरी करून, फज्रची नमाज पढून माणूस पुन्हा झोपला की ती वेळ टळते. उठल्यावर कामावर जायची घाई. रोज नाश्त्यानंतर शौचाला जाणाऱ्याचा नाश्ताच बंद झालेला असतो. शिवाय ताटातली भाजी-भाकरी मागे पडून मैदा, तळण आणि मांस पुढे आलेले असते. मग कुंथणे येते, त्यातून ज्यांना मूळव्याध किंवा फिशर आहे त्यांचे दुखणे उफाळते, आणि शेवटच्या दहा दिवसांत, जेव्हा रात्री जागून इबादत करायची असते, तेव्हा माणसाला धड बसवत नाही.

हे काही रोजेदारांपुरते नाही. आषाढी एकादशीला किंवा नवरात्रात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वेफर्स यांवर दिवस काढणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी हाच अनुभव येतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. आपल्या आजी ज्याला चोथा म्हणत आणि पाठ्यपुस्तके ज्याला तंतुमय पदार्थ म्हणतात, तो त्यात नावालाच. उपवासाचा हेतू कोणत्याही धर्मात आतड्यांना शिक्षा करणे हा नाही, पण उपवासाचे पदार्थ पुष्कळदा तेच करतात.

इसबगोल हे नाव फारसीतून आलेले आहे. कोशकार त्याची फोड 'अस्प' म्हणजे घोडा आणि 'गोल' म्हणजे कान अशी करतात. बी नावेच्या आकाराचे, एका बाजूने खोलगट असते. ते घोड्याच्या कानासारखे दिसते म्हणून हे नाव. फारसीतला अस्प आणि संस्कृतातला अश्व हे एकाच मुळाचे शब्द. गुजरातीत तर याला घोडाजीरूच म्हणतात. अरबी वैद्यकात याचे नाव बज्र कतूना, आणि इब्न सीनाच्या 'अल कानून'मध्येही ते आहे. युनानी हकीम याचा मिजाज सर्द आणि तर, म्हणजे थंड आणि ओलसर, असा सांगतात आणि आवेच्या, म्हणजे पेचिशच्या, दुखण्यात त्याचा लुआब देतात. लुआब म्हणजे बी भिजवल्यावर सुटणारा बुळबुळीत द्रव. इंग्रज डॉक्टरांनीही हिंदुस्थानात आल्यावर आवेवर हेच वापरून पाहिले, आणि १८६८ साली निघालेल्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया'त त्याला जागा मिळाली.

वनस्पतीशास्त्रात हे प्लँटॅगो ओव्हाटा. गुडघ्याइतकेही उंच न होणारे रब्बीचे पीक. उत्तर गुजरात, राजस्थानातले जालोर-बाडमेरकडचे जिल्हे, मध्य प्रदेशातला नीमच-मंदसौरचा पट्टा ही त्याची घरे. नोव्हेंबरच्या सुमारास पेरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. पीक मोठे नाजूक. थंड आणि कोरडी हवा हवी. ऐन पक्व झाल्यावर पावसाची एखादी सर आली तरी बी फुगते, गळते आणि शेतकऱ्याच्या हाती काही राहत नाही. ज्या गुणासाठी जग ते विकत घेते, त्याच गुणाने शेतात घात होतो. दळणात बियांवरचे पातळ, गुलाबीसर पांढरे टरफल वेगळे काढतात. ते वजनाने बियांच्या सुमारे पाव हिस्सा भरते. हेच 'सत इसबगोल' किंवा इसबगोलची भुशी. उरलेला गाभा जनावरांच्या खाद्यात जातो.

या धंद्याची दोन गावे उत्तर गुजरातेत एकमेकांच्या जवळ आहेत. ऊंझा ही जिरे, बडीशेप आणि इसबगोल यांची मोठी बाजारपेठ. दुसरे सिद्धपूर, जिथून टेलिफोनचे चित्र असलेला तो ओळखीचा डबा येतो. सिद्धपूरला हिंदू भाविक बिंदू सरोवरावर आईचे श्राद्ध करायला जातात, म्हणून त्याला मातृगया म्हणतात. त्याच गावात दाऊदी बोहरा कुटुंबांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या देखण्या हवेल्यांच्या रांगा उभ्या आहेत. जगात इसबगोल सर्वांत जास्त पिकवणारा आणि निर्यात करणारा देश भारत आहे, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. शिकागोत किंवा न्यू जर्सीत राहणारा मुलगा तिकडच्या दुकानातून मेटाम्युसिलचा डबा आणतो तेव्हा तो बहुधा गुजरात-राजस्थानचेच टरफल नारंगी रंगात विकत आणत असतो.

आता ते पोटात जाऊन काय करते. समजायला सोपी युक्ती आहे. एक चमचा भुशी वाटीभर पाण्यात घाला आणि अर्धा तास विसरून जा. परत याल तेव्हा चमचा उभा राहील अशी लापशी झालेली असेल. औषधशास्त्राच्या युरोपीय मानकानुसार चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम टरफलाने पाण्यात फुगून निदान ४० मिलिलिटर जागा व्यापली पाहिजे. आतड्यातही असेच होते. आपली पाचकद्रव्ये हे टरफल फोडू शकत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू इतर अनेक तंतू खाऊन टाकतात, त्यातून वायू होतो. इसबगोल मात्र त्यांना फारसे दाद देत नाही. त्याने धरून ठेवलेले पाणी शेवटपर्यंत त्याच्याजवळ राहते. मोठे आतडे पाणी ओढू पाहते, इसबगोल सोडत नाही. म्हणून मळ मऊ आणि घसघशीत राहतो आणि आतड्याला तो पुढे ढकलायला सोपे जाते. हे जुलाबाचे औषध नव्हे. ते आतड्याला चिमटा काढत नाही. परिणामही रात्रीत दिसत नाही, एक ते तीन दिवस लागतात. दुसऱ्याच सकाळी काही झाले नाही म्हणून चमच्यांची संख्या वाढवणारे इथेच चुकतात.

दुधातून घेतले तर पोट मोकळे करते आणि दह्यातून घेतले तर जुलाब बांधते, असे घरोघरी सांगतात. दूध-दह्याला यात फार श्रेय देण्याचे कारण नाही. किमया त्या लापशीची आहे. मळ कोरडा असेल तर ती पाणी टिकवते, पातळ असेल तर जास्तीचे पाणी स्वतःत घेते. मात्र जुलाबात खरा धोका शरीरातले पाणी आणि क्षार निघून जाण्याचा असतो, आणि ते इसबगोल भरून काढत नाही. त्याला क्षारसंजीवनीच लागते. रोजात जोरदार जुलाब लागले तर दही-इसबगोल खाऊन मगरिबपर्यंत तग धरायची हिंमत कुणी करू नये. आजारी माणसाला रोजा सोडून तो नंतर पूर्ण करण्याची मुभा खुद्द कुरआनने दिलेली आहे.

सगळे तंतू सारखे नसतात, ही गोष्ट बाजारात कुणी सांगत नाही. गव्हाचा कोंडा खरखरीत असतो, पाण्यात विरघळत नाही, आतड्याला घासून जागे करतो. चिकोरीच्या मुळापासून काढलेले इन्युलिन हल्ली 'फायबर' लिहिलेल्या बिस्किटांत आणि पावडरींत असते. ते जिवाणूंचे आवडते खाद्य, म्हणून काहींना त्याने पोट फुगते. ज्यांना आयबीएस आहे, म्हणजे तपासण्या चोख येतात पण पोट सतत कुरकुरते, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठता, त्यांना 'कोंडा खा' असे सर्रास सांगितले जाते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी अशा २७५ रुग्णांचे तीन गट करून १२ आठवडे एकाला इसबगोल, दुसऱ्याला कोंडा आणि तिसऱ्याला नुसते तांदळाचे पीठ दिले. २००९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष आले. इसबगोलने आराम पडला. कोंड्याचा तसा फायदा दिसला नाही, उलट त्या गटातल्या पुष्कळांनी त्रास वाढला म्हणून मध्येच सोडून दिले. म्हणजे डॉक्टरांनी 'तंतुमय खा' म्हटले तर कोणते, हेही विचारून घ्यावे.

आणखी दोन उपयोग सिद्ध झालेले आहेत. इसबगोलची लापशी पित्तरसातली आम्ले स्वतःत अडकवून बाहेर नेते. ती भरून काढायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली इसबगोलच्या पदार्थांवर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापायला परवानगी दिली, त्यासाठी रोज ७ ग्रॅम विद्राव्य तंतू, म्हणजे सुमारे १० ग्रॅम टरफल, अशी अट घातली. घट माफक असते. डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी यासाठी बंद करणे शहाणपणाचे नाही. दुसरे म्हणजे जेवणाबरोबर घेतल्यास साखर रक्तात सावकाश उतरते. मधुमेही रोजेदाराला हे ऐकून बरे वाटेल, पण गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना साखर खाली जाण्याचा धोका रोजात आधीच असतो. त्यात स्वतःच्या मनाने भर घालू नये, रमजानआधीच डॉक्टरांशी वेळापत्रक ठरवावे.

पाण्याचा मुद्दा वर आला, पण तो सविस्तर बोलण्यासारखा आहे. दोन सवयी नेहमी दिसतात. पहिली, कोरडी भुशी चमच्याने तोंडात टाकायची आणि वरून दोन घोट पाणी. हे धोक्याचे आहे. टरफल घशात किंवा अन्ननलिकेत चिकटून तिथेच फुगू शकते. गुदमरण्याचे प्रकार घडलेले आहेत, म्हणूनच अमेरिकेत अशा डब्यांवर गुदमरण्याचा इशारा छापणे सक्तीचे आहे. वयस्क माणसांत, ज्यांची गिळण्याची ताकद कमी झालेली असते, हा धोका अधिक. दुसरी सवय खास रमजानची. सहेरीची वेळ संपायला दोन मिनिटे उरली, अजानकडे कान आहेत, तेवढ्यात आठवण होते आणि अर्धा ग्लास पाण्यात इसबगोल ढवळून घशाखाली जाते. दिवसभर भूक लागणार नाही ही जास्तीची आशा. पुढचे १३ तास पाण्याचा थेंब नाही. आतड्यातल्या त्या गोळ्याला हवे तेवढे पाणी मिळाले नाही तर तो मऊ करण्याऐवजी बांधतो, पोट डब्ब होते, आणि माणूस म्हणतो इसबगोल आपल्याला मानवत नाही.

चमचा हलकासा, ग्लास मोठा, हे प्रमाण ठेवावे. पाच ग्रॅमला एक पूर्ण ग्लास, म्हणजे निदान २४० मिलिलिटर पाणी, आणि त्यावर आणखी एक ग्लास. ढवळून लगेच प्यावे, घट्ट होईपर्यंत थांबू नये. पहिल्यांदा घेणाऱ्याने निम्म्या प्रमाणाने सुरुवात करावी आणि आठवड्याभरात वाढवावे, नाहीतर पोटात गुडगुड आणि वायू होतो. इफ्तारनंतरच्या रात्रीत वेळ कोणती? इफ्तारच्या क्षणी नको. खजूर, पाणी, सरबत आणि मग नमाज, एवढे पोटाला त्या वेळी पुरे. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांच्या गोळ्या बहुतेक जण इफ्तार किंवा सहेरीला जोडून घेतात. इसबगोल या औषधांचे शोषण अडवू शकते, म्हणून औषध आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर लागते. हिशेब केला तर सोयीची जागा तरावीहनंतर सापडते. साडेनऊ-दहाला मशिदीतून परतल्यावर एक ग्लासातून इसबगोल, पाठोपाठ दुसरा ग्लास साधे पाणी. घेऊन लगेच आडवे होऊ नये, तासभर तरी जागे राहावे. रमजानमध्ये ते अवघड नाही, घरात कुणी ना कुणी जागेच असते. बाकीचे पाणी इफ्तार ते सहेरी सावकाश वाटून प्यावे. सहेरीला एकदम चार ग्लास ढोसले तर त्यातले बरेचसे मूत्रपिंड तासा-दोन तासांत बाहेर काढून टाकते.

डब्यावरची अक्षरे वाचायची सवयही हवी. 'पोट साफ' चूर्णांच्या अनेक पुड्यांवर इसबगोलचे नाव ठळक असते आणि खाली बारीक अक्षरांत सोनामुखी लिहिलेली असते. उर्दूत हिलाच सना किंवा सना मक्की म्हणतात. सोनामुखीही वनस्पतीच, पण तिची चाल वेगळी. ती आतड्याच्या भिंतीला चेतवून हालचाल करायला लावते, पोटात कळा येतात आणि शरीरातले पाणी जाते. एखाद्या वेळी, डॉक्टर किंवा हकिमांच्या सल्ल्याने, ठीक. रोजात रात्रीमागून रात्र घेण्याची ती चीज नव्हे. वनस्पतीचे आहे म्हणून निर्धोक, हा समज हिंदू-मुसलमान दोघांतही सारखाच पक्का आहे. चवीच्या, रंगीत पुड्यांत साखर असते, तेही मधुमेह्याने पाहून घ्यावे. शुद्ध भुशीला चव नसते, आणि चव नसणे ही तिची खोड नव्हे.

इतके सांगूनही एक अवघड गोष्ट उरते. पाच ग्रॅम इसबगोलमधून मिळतात सुमारे चार ग्रॅम तंतू. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम सांगते, आणि तेही अन्नातून, नैसर्गिक स्वरूपातले. म्हणजे चमचा हा टेकू आहे, भिंत नव्हे. संध्याकाळी सहा समोसे आणि दोन प्लेट भजी खाऊन रात्री प्रायश्चित्तासारखा इसबगोल घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि कंपन्यांच्या जाहिराती त्यांना तेच करायला सुचवतात. खरे काम ताटात होते. इफ्तारचे तीन खजूर दीड-दोन ग्रॅम तंतू देतात. कलिंगड गारवा आणि पाणी देते, तंतू मात्र अगदी किरकोळ. पेरू १०० ग्रॅममागे पाच ग्रॅमहून जास्त देतो, आणि तो कलिंगडाशेजारी फळांच्या ताटात क्वचित दिसतो. शिजवलेल्या हरभऱ्याची वाटी, वर कांदा, लिंबू, कोथिंबीर, सात ग्रॅमच्या आसपास. हरभऱ्याचे चाट तर रमजानच्या दस्तरखानावर पूर्वीपासून आहेच, फक्त ते भज्यांच्या ढिगाखाली कोपऱ्यात गेले आहे. सरबतातला सब्जा, ज्याला कुणी तकमरिया म्हणते, हा इसबगोलचा लांबचा भाऊ शोभावा असा फुगतो, पण तिथे सब्जा चिमूटभर आणि साखर मूठभर असते.

सहेरीला मराठवाड्यातल्या आणि खानदेशातल्या जुन्या घरांत ज्वारी-बाजरीची भाकरी आणि डाळ किंवा दही असायचे. एका मध्यम भाकरीत पाच-सहा ग्रॅम तंतू सहज असतात. तिची जागा पाव, खारी, शेवया आणि चहाने घेतली. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापणाऱ्या बाईला विचारले तर ती याचे दुसरे कारण सांगेल, आणि ते खरेच आहे. घरातल्या पुरुषांना बद्धकोष्ठता नको असेल तर पहाटे चुलीजवळ त्यांनीही उभे राहायला हरकत नाही. किंवा रात्रीच्या भाकऱ्या पहाटे दुधात कुस्करून खाव्यात. त्याला वेळही लागत नाही.

काहींनी इसबगोल डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातातही घेऊ नये. गिळायला त्रास होणारे, आतड्यात कुठे अडथळा किंवा अरुंदपणा असलेले, पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेले. आपल्याकडे आतड्याचा क्षय अजून आहे आणि त्यात आतडे जागोजागी आवळले जाते. अशा आतड्यात फुगणारा गोळा अडकला तर प्रसंग शस्त्रक्रियेपर्यंत जातो. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनाही हे भरपूर पाण्याचे गणित लागू नाही. भुशीच्या उडणाऱ्या पुडीने कुणाला शिंका, खाज किंवा धाप लागली तर ती ॲलर्जी असू शकते. तिथे लगेच थांबावे.

आणि रक्त. शौचातून रक्त पडले की घरातली शहाणी माणसे एका शब्दात निकाल देतात, मूळव्याध. गरम पडले, मसाला जास्त झाला, रोजे आहेत ना. बहुतेक वेळा मूळव्याधच निघते. पण मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोगही सुरुवातीला असाच रक्ताने, किंवा इतकी वर्षे नियमित असलेली शौचाची सवय अचानक बदलून, बोलतो. वजन उतरत असेल, अशक्तपणा येत असेल, वय पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे असेल, तर इसबगोलचा डबा आणून महिना काढणे म्हणजे तो महिना आजाराला देणे. बायकांच्या बाबतीत हा महिना अनेकदा वर्षाचा होतो. कारण घरात सांगायचे कुणाला, आणि पुरुष डॉक्टरांसमोर तपासणीला झोपायचे कसे. सरकारी रुग्णालयात आणि आता बहुतेक शहरांत स्त्री सर्जन किंवा स्त्री डॉक्टर मिळतात. सून किंवा मुलगी बरोबर गेली तर अर्धे ओझे उतरते. तपासणीसाठी एखादा रोजा सोडावा लागला, तर तो ईदनंतर पूर्ण करता येतो.

ईदच्या दिवशी पोटाची पुन्हा एकदा परीक्षा असते. महिनाभर दिवसा रिकामे राहिलेले पोट सकाळी आठलाच शीरखुर्मा घेते, मग प्रत्येक घरी एक वाटी, दुपारी बिर्याणी. इसबगोल चालू असेल तर त्या दिवशी एकदम सोडू नये, हळूहळू कमी करावे. दिवसा पाणी प्यायची मुभा परत मिळालेली असते, तिचा वापर करावा. आणि पाहुणा म्हणून गेलेल्या शेजाऱ्याने चौथ्या घरी अर्धीच वाटी मागितली, तर यजमानाने रुसू नये.